सुरगाण्याचे दहा आणि नाशिकचे दहा

रुग्णांना विचारायच्या प्रश्नावल्यांबद्दल आपल्या वैद्यकीय वर्तुळात एक मत इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे, याचाच विसर पडला आहे. मत असे : परदेशात तयार झालेली प्रश्नावली रीतसर मराठीत आणली, तिचा उलट अनुवाद करून तो मुळाशी ताडून पाहिला, शे-दोनशे माणसांवर ती चालवून अल्फा ०.८ च्या आसपास आला, की काम झाले. यापुढे तिचे गुण कुठल्याही गुणांशेजारी मांडावेत. शहराचे खेड्याशी, महाराष्ट्राचे केरळशी, भारताचे हॉलंडशी. हे मत मानणारे लोक आळशी नाहीत, अभ्यासू आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण मत चूक आहे. अपुरे आहे असे म्हणून मी सवलत घेत नाही. चूक आहे, असेच म्हणतो. कारणे पुढे मांडतो, निवाडा वाचकांनी करावा.

वादासाठी नाशिक जिल्हा घेऊ. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे, आणि राज्यभरातल्या वैद्यक, दंत, आयुर्वेद, परिचर्या महाविद्यालयांचे प्रबंध याच विद्यापीठाच्या छत्राखाली लिहिले जातात. प्रश्नावलीचा वाद जिथे निकाली निघायला हवा अशी ही जागा आहे. शिवाय हा जिल्हा स्वतःच बहुभाषी आहे. १५ तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६१ लाख लोकसंख्या, तिच्यात चौथा हिस्सा आदिवासी. सटाणा, देवळा, कळवण, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी. मालेगाव शहरात उर्दू. पेठ-सुरगाण्यात कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या बोली. शहरात प्रमाण मराठी आणि हिंदी. भाषा आणि संस्कृती ओलांडून तुलना करायची म्हणजे अमेरिकेला जायला नको. दिंडोरी-वणीमार्गे सुरगाण्याला जाणारी एसटी पुरते.

आणि प्रश्नावली घेऊ ती पीएचक्यू-९. नैराश्य हुडकण्यासाठी जगभर सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी ती एक. कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी २००१ साली ती प्रसिद्ध केली. नऊ प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढेच विचारायचे. अजिबात नाही म्हटले तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून अधिक दिवस तर दोन, जवळजवळ रोज तर तीन. बेरीज शून्य ते सत्तावीस. दहा किंवा अधिक आली की मध्यम नैराश्याची शक्यता धरायची. हे साधन आता फक्त संशोधकांच्या हातात राहिलेले नाही. आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्याच्या अखेरीस पीएचक्यूचेच पहिले दोन प्रश्न आहेत : कामात रस वाटेनासा झाला का, आणि मन उदास, हताश असते का. दोन्हींची बेरीज तीनच्या वर गेली तर त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे. म्हणजे हा वाद ग्रंथालयातला नाही, तो पाड्यावर पोहोचला आहे.

आता पूर्वपक्ष. तो त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडतो, कारण दुबळा पूर्वपक्ष पाडण्यात काही पुरुषार्थ नाही.

पहिले, अनुवादाची पद्धत कच्ची नाही. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली उलट अनुवादाची रीत शास्त्रशुद्ध करून मांडली; तेव्हापासून दोन स्वतंत्र अनुवादक, मग मेळ, मग उलट अनुवाद, मग तज्ज्ञांची बैठक, मग थोड्या रुग्णांवर चाचणी, असा पाच-सहा पायऱ्यांचा दंडक झाला आहे. दुसरे, पीएचक्यू भारतात न तपासताच वापरली गेली असे नाही. ११ भारतीय भाषांतल्या तिच्या अनुवादांची मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाशी केलेली पडताळणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांवर शेजारीशेजारी चालवून २००८ मध्ये त्यांचा निकाल मांडला. तिसरे, नैराश्य हा माणसाचा आजार आहे, अमेरिकेचा नव्हे. झोप उडणे, भूक मरणे, जीव नकोसा होणे सगळीकडे आढळते. चौथे, नमुना मोठा घेतला की बारीकसारीक चुका एकमेकींना खोडतात. आणि पाचवे, तुलना केल्याशिवाय सार्वजनिक आरोग्याचा गाडा चालणारच कसा? कुठे समुपदेशक नेमायचे, कुठे औषधे पाठवायची, हे ठरवायला आकडे लागतातच.

यातले पहिले तीन मुद्दे मी खरे मानतो. तरीही निष्कर्ष निघत नाही. का?

कारण वादाचा सगळा भर भाषेवर टाकला गेला आहे आणि अडचण भाषेच्या आधीची आहे. हे सिद्ध करायला मी असे उदाहरण देतो ज्यात अनुवाद मुळी नाहीच. १९४४ साली, बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये तिथल्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेने एक पाहणी केली. प्रश्न तोच, बंगाली तीच, गावे तीच. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती बेताची आहे असे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या निघाल्या फक्त २.५ टक्के. दुष्काळातून उरलेली बंगाली विधवा ही त्या काळच्या विधुरापेक्षा वीसपट निरोगी होती, असे कोणी म्हणेल काय? अमर्त्य सेन यांनी हा दाखला पुन्हापुन्हा दिला आहे. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी त्याच धाटणीची दुसरी विसंगती दाखवली : केरळात आयुर्मान देशात सर्वाधिक, आणि आजारपण सांगणारेही सर्वाधिक, बिहारात आयुर्मान कमी, आणि आजार सांगणारेही कमी, अमेरिकेत तर आजार सांगणारे केरळहूनही जास्त. सांगितलेल्या आजारावर विश्वास ठेवून पैसा वाटला, तर तो बिहारकडून काढून केरळला आणि केरळकडून काढून अमेरिकेला द्यावा लागेल.

याचा अर्थ लोक खोटे बोलतात असा नाही. माणूस आपल्या प्रकृतीला गुण देतो ते भोवतालच्या माणसांकडे पाहून, आपल्याला काय मिळू शकते याचा अंदाज बांधून, आणि तक्रार करण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही हे मनात ठरवून. ही मोजपट्टी त्याच्या मनात असते. प्रश्नावलीत ती छापलेली नसते. प्रश्नांचा अनुवाद करता येतो, या पट्टीचा करता येत नाही.

आता अल्फाकडे वळू. प्रबंधांतून या एका आकड्यावर जेवढा भार टाकला जातो तेवढा तो पेलतो का? क्रॉनबाखचा अल्फा सांगतो एवढेच की एका प्रश्नाला जास्त गुण देणारा माणूस बाकीच्या प्रश्नांनाही साधारण जास्त गुण देतो. नऊ प्रश्न मिळून एकाच दिशेने हलतात. उत्तम. पण ते शून्य कुठे धरून हलतात, हे अल्फा सांगत नाही. मेट्रिक मापे येण्यापूर्वी आपल्याकडे पायली आणि शेर मुलखामुलखात वेगळे होते. प्रत्येक गावची पायली त्या गावापुरती चोख होती, दर वेळी तेवढेच धान्य मापायची, तिच्यावर व्यवहार बिनबोभाट चालत. तरी एका गावच्या दहा पायल्या म्हणजे दुसऱ्या गावच्या दहा पायल्या नव्हेत, हे बाजाराला गेलेल्या प्रत्येक कुणब्याला ठाऊक होते. अल्फा पायली गळकी नाही एवढे सांगतो. ती केवढी आहे, हे सांगत नाही.

मोजमापाच्या शास्त्रात या दोन गोष्टींची फारकत आजची नाही. दोन गटांची सरासरी ताडून पाहायची असेल तर तीन गोष्टी क्रमाने दाखवाव्या लागतात. प्रश्नांची घडण दोन्हीकडे सारखी आहे. प्रत्येक प्रश्नाचा मूळ आजाराशी असलेला संबंध दोन्हीकडे सारख्याच ताकदीचा आहे. आणि तिसरी, सर्वांत कठीण : आजार समान असताना दोन्हीकडची माणसे त्या प्रश्नाला सारखेच गुण देतात. पहिल्या दोन पायऱ्या चढून तिसरीवर अडखळणे नेहमीचे. आणि तिसरी नसेल तर सरासरींची तुलना निराधार ठरते. आपल्या किती प्रबंधांत ही तिसरी पायरी निदान उल्लेखिलेली तरी असते? वाचकांपैकी जे मार्गदर्शक आहेत त्यांनी आपापल्या कपाटातले खंड काढून पाहावेत.

हे सगळे हवेतले वाटू नये म्हणून प्रश्नावली पेठ तालुक्यात नेऊ. महिना आषाढ. भाताची लावणी चालू आहे, बाई दिवसभर चिखलात वाकून आहे. घरातली नागली सरत आली आहे, नवे पीक यायला अवकाश आहे. चौथा प्रश्न : थकवा येतो का, अंगात त्राण नाही असे वाटते का? जवळजवळ रोज. तीन गुण. पाचवा : भूक कमी झाली किंवा खाणे अति झाले का? घरात धान्यच मोजके असताना या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हे तिला कळत नाही. ती म्हणते, जेवण कमीच होते. दोन गुण. तिसरा : झोप नीट लागते का? छप्पर गळते आहे. तीन गुण. आठवा : हालचाली मंदावल्या का? कंबर धरली आहे. दोन गुण. बेरीज दहा. रस वाटेनासा झाला का, मन उदास असते का, या पहिल्या दोन प्रश्नांना तिने शून्य दिले आहे, तरीही ती कट-ऑफच्या वर गेली. येथे एक बारकावा सांगायलाच हवा. पीएचक्यूच्या निदानसूत्रात पहिल्या दोन प्रश्नांपैकी एक तरी ठाम असावा अशी अट आहे. पण नुसत्या बेरजेच्या कट-ऑफला ही अट नाही, आणि पाहण्यांमधून बहुतेक वेळा बेरीजच वापरली जाते.

आता हीच प्रश्नावली नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावर. बाईची झोप, भूक ठीक आहे. तिने पहिल्याला तीन, दुसऱ्याला तीन, स्वतःला अपयशी मानण्याच्या सहाव्याला दोन आणि एकाग्रतेच्या सातव्याला दोन गुण दिले. बेरीज दहा. या सातव्या प्रश्नात उदाहरण आहे वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागण्याचे. ज्या पाड्यावर वर्तमानपत्र येत नाही आणि बाईला अक्षरओळख नाही, तिथे त्या उदाहरणाने काय मोजले? आणि मालेगावात रात्रपाळीला यंत्रमागावर उभा राहणारा कामगार झोपेच्या प्रश्नाला जे उत्तर देईल ते त्याच्या मनाचे असेल की पाळीचे?

पेठमध्येही दहा गुण, कॉलेज रोडवरही दहाच. ते एकच आहेत, असे ज्याला म्हणायचे आहे त्याने ते दाखवून द्यायचे आहे. पुराव्याचा भार माझ्यावर नाही, तुलना मांडणाऱ्यावर आहे. माझी ही तीन उदाहरणे कल्पिलेली आहेत, पाहणीतली नाहीत, हे मी आपणहून सांगतो. पण असे घडत नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय दोन सरासरींमध्ये तुलनेचे चिन्ह घालण्याचा अधिकार कोणाला दिला?

विचारणारा कोण, हेही उत्तरात उतरते. मूळ अभ्यासात अमेरिकेतल्या रुग्णांनी दवाखान्यात बसून कागद स्वतः भरला. आपल्याकडे आशाताई अंगणात उभ्या असतात. त्या गावातल्याच, कोणाच्या तरी सूनबाई, कोणाच्या तरी वहिनी. आधी वय विचारले, तंबाखू-दारू विचारली, टेप लावून कमरेचा घेर घेतला, व्यायामाचे विचारले, आणि मग उदास वाटते का हा प्रश्न. सासूबाई दाराशी बसलेल्या आहेत. सून म्हणते, तसे काही नाही, ताई. आशाताईंचे यात तिळमात्र चुकत नाही. फॉर्म त्यांनी बनवलेला नाही, आणि या परिस्थितीत यापेक्षा नीट कोणी विचारू शकणार नाही. पण या अंगणातले शून्य आणि बंद खोलीत एकटीने भरलेल्या कागदावरचे शून्य एकाच रकान्यात कसे मांडायचे?

प्रतिपक्ष म्हणेल : मोठा नमुना घ्या, चुका खोडल्या जातील. हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अंकांच्या भाषेत बोलतो. ज्या चुका कधी इकडे, कधी तिकडे झुकतात त्या खोडल्या जातात. ज्या सगळ्या एकाच बाजूला झुकतात त्या कधीच खोडल्या जात नाहीत. नमुना वाढवला तर त्या अधिक ठाशीव होतात. हिशेब करून पाहू. एका तालुक्यातली हजार माणसे घ्या. त्यांत खरोखरचे नैराश्य ५ टक्के, म्हणजे ५० जणांना. मूळ अभ्यासात दहाच्या कट-ऑफची संवेदनशीलता ८८ टक्के आणि विशिष्टताही ८८ टक्के निघाली होती, तीच धरू. ५० पैकी ४४ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण उगाच दहाच्या वर जातील. एकूण १५८. आता शेजारचा तालुका. तिथेही नैराश्य तेवढेच, ५० जणांना. फरक एकच : कष्टाच्या आणि टंचाईच्या दिवसांमुळे तिथे विशिष्टता ८८ ऐवजी ७८ भरली. ४४ अधिक २०९, एकूण २५३. एका तालुक्यात १५.८ टक्के, दुसऱ्यात २५.३. सांख्यिकीची कोणतीही चाचणी लावा, फरक लक्षणीयच येणार. प्रबंध मान्य होणार, बातमी छापून येणार. आणि दोन तालुक्यांत आजाराचा फरक शून्य.

हाच हिशेब आणखी एक गोष्ट उघड करतो. पहिल्या तालुक्यातही ५ टक्क्यांचे १५.८ झाले, तिप्पट. चाळणीचे काम संशयित वेगळे काढणे. तिच्यावरून आजाराचे प्रमाण सांगणे हे तिच्याकडून न होणारे काम. २०२० साली अनेक देशांतल्या अभ्यासांमधल्या मूळ नोंदी एकत्र करून हेच तपासले गेले. दहाच्या कट-ऑफने जिथे जवळपास २५ टक्के लोक निघाले, तिथे तज्ज्ञांच्या रचनाबद्ध मुलाखतीने निघाले १२ टक्के. महाराष्ट्राला तर याबाबत अधिक सावध राहायला हवे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी जी १२ राज्ये निवडली गेली त्यांत आपले राज्य नव्हते. हाताशी मुलाखतीवर आधारलेला राज्याचा आकडा नसला की प्रश्नावलीच्या टक्केवारीला भलतेच वजन येते.

आता जगाचा अनुभव. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात १५ शहरांतल्या सामान्य दवाखान्यांत मानसिक आजारांचा अभ्यास केला. बंगळूर त्यांत होते. प्रशिक्षित मुलाखतकार, एकच आराखडा, काळजीपूर्वक केलेले अनुवाद. नैराश्याचे प्रमाण नागासाकीत २.६ टक्के, बंगळुरात ९.१, सांतियागोत २९.५. आजार अकरापटीने बदलतो का? पुढे २००२ मध्ये ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांनी याच माहितीची फेरतपासणी केली. लक्षणांची घडण सगळीकडे बरीच सारखी होती, पण जिथे प्रमाण जास्त तिथे नैराश्य ठरलेल्या माणसांचे दैनंदिन कामकाज कमी अडलेले होते. म्हणजे उंबरठाच वेगळ्या उंचीवर असावा. त्याच अभ्यासातल्या जीएचक्यू प्रश्नावलीचे योग्य कट-ऑफ शहरागणिक बदलले, इतके की तिचे जनक डेव्हिड गोल्डबर्ग यांनी ते का बदलतात यावर १९९८ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. प्रश्नावलीचा कर्ता स्वतः सांगतो की कट-ऑफ गावोगाव बदलतो. मग आपण कोणत्या आधारावर दहाचा आकडा देवासारखा पुजतो?

येथे उलट बाजूने एक आवाज येईल, आणि तोही मला मान्य नाही. तो म्हणतो : मग फेकून द्या या परक्या प्रश्नावल्या, आपल्या मातीला त्या लागू नाहीत. हे दुसरे टोकही पुराव्यापुढे टिकत नाही. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या प्रयोगात, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी काही भेटींचा उपचार दिला. तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ चे गुण दहाच्या खाली आलेले लोक उपचार-गटात ६४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३९. हा निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तो मी पूर्ण मानतो. कारण दोन्ही गट त्याच केंद्रांतले, त्याच भाषांचे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून घेतलेले. पट्टी वाकडी असली तर दोन्हीकडे सारखीच वाकडी. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम प्रकल्पाने पीएचक्यू-९ वापरून दाखवले की नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तीच गावे, आधी आणि नंतर. हेही मान्य. एकाच माणसाचे जूनमधले गुण आणि सप्टेंबरमधले गुण डॉक्टरांनी ताडून पाहावेत, औषध बदलावे, हे तर रोजचे काम आहे. माझा विरोध प्रश्नावलीला नाही. दोन पट्ट्यांचे आकडे न तपासता एका तक्त्यात बसवण्याला आहे.

आणि तपासल्यावर तुलना टिकतेही. अ‍ॅमस्टरडॅम शहरात सहा वंशगटांवर पीएचक्यू-९ ची हीच तिसरी पायरी तपासली गेली. त्यांत डच होते, तुर्की होते, मोरोक्कन, घानाचे होते. आणि सुरिनाममार्गे तिथे गेलेले, ज्यांचे पणजोबा बिहार-उत्तर प्रदेशातून मळ्यांवर मजुरीला नेले गेले, तेही होते. २०१७ चा निष्कर्ष असा की या गटांमध्ये तुलना करता येते. प्रतिपक्ष हा अभ्यास माझ्याविरुद्ध काढील म्हणून मीच आधी मांडतो. त्यांनी आधी माप तपासले, मग तुलना केली. मी याहून वेगळे काय मागतो आहे? शिवाय ते सगळे एका शहरात राहणारे, एकाच आरोग्यव्यवस्थेतले. तिथला निकाल पेठच्या पाड्याला आपोआप लागू करायचा, तर मग तपासण्याला अर्थच काय उरला?

माप तपासायची साधने आपल्याला परकी नाहीत. पुण्यात केईएम रुग्णालयात वासुदेव परळीकर आणि मिचेल वाइस यांनी अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला तो चार वेगवेगळ्या बाह्यरुग्ण विभागांत : मानसोपचार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद. रुग्ण स्वतः दुखण्याला काय नाव देतो, त्याचे कारण काय मानतो, आधी कोणाकडे गेला होता, हे त्यांनी रीतसर नोंदवले, मोजले, आणि मग निदानाशेजारी ठेवले. रुग्णाचे म्हणणे आणि शास्त्राचे वर्गीकरण यांतले एक निवडावे लागत नाही, हे तिथे दिसते.

दुसरे साधन छोट्या गोष्टींचे. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते मांडले, त्याआधी जागतिक आरोग्य सर्वेक्षणात ते वापरले गेले होते, आणि त्या सर्वेक्षणासाठी भारतातली जी सहा राज्ये घेतली त्यांत महाराष्ट्र होता. रीत सोपी आहे. माणसाला त्याच्या स्वतःच्या प्रकृतीला गुण द्यायला सांगायचे, आणि मग काही काल्पनिक माणसांना. उदाहरणार्थ : सखूबाई रोज कामाला जातात, पण आठवड्यातले चार दिवस त्यांना रडू येते आणि शेजारणीशी बोलावेसे वाटत नाही, त्यांचा त्रास किती? गोष्ट सर्वांना एकच. पेठमधली बाई सखूबाईंना ‘थोडा त्रास’ म्हणते आणि कॉलेज रोडवरची ‘फार त्रास’ म्हणते, तर दोघींच्या पट्ट्यांमधला फरक हाती लागला. मग स्वतःबद्दलचे गुण त्या फरकाने दुरुस्त करता येतात. याच रीतीने चीन आणि मेक्सिकोची तुलना केली गेली, विषय होता सरकारवर आपले किती चालते हा. स्वतःबद्दलच्या नुसत्या उत्तरांत चिनी लोक पुढे होते. गोष्टींच्या आधारे दुरुस्ती केल्यावर क्रम उलटला. ही रीतही निर्दोष नाही. गोष्ट दोन्हीकडे सारखीच समजली गेली हे गृहीत धरावे लागते. पण ती निदान प्रश्न विचारते. अल्फा तो विचारतच नाही.

आता उरला पाचवा आक्षेप, गाडा चालायचा कसा. मी म्हणतो, चुकीच्या तुलनेने तो चालतो आणि भलत्या गावाला जातो. तक्रार न करण्याची सवय लागलेल्या तालुक्याचे गुण कमी दिसले आणि त्या आकड्यावर समुपदेशकाचे पद नाकारले गेले, तर सिंगूरच्या विधवांवर झाला तोच अन्याय आपण शासकीय शिक्क्यानिशी करू. तोवर काम थांबवायचे कारण नाही. आशाताईंनी दोन प्रश्न विचारावेत, बेरीज जास्त आली तर पुढे पाठवावे, डॉक्टरांनी बसून बोलावे. फक्त तालुक्यांची क्रमवारी लावू नये.

आणि ज्यांना ती लावायचीच आहे त्यांच्यासाठी मार्ग असा. सुरगाण्यातली दोनशे माणसे आणि नाशिक शहरातली दोनशे. दोन्हीकडे पीएचक्यू-९, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने, बंद खोलीत, बोली जाणणाऱ्या अनोळखी व्यक्तीकडून. दोन्हीकडे त्याच चार-पाच गोष्टी. मग गुण न सांगता मानसोपचारतज्ज्ञाची रचनाबद्ध मुलाखत, दहाच्या वरच्यांचीही आणि खालच्यांचीही. प्रत्येक ठिकाणचा कट-ऑफ स्वतंत्र काढायचा आणि लावणीच्या दिवसांत एकदा, होळीच्या सुमाराला एकदा, असा दोनदा. एमडीच्या तीन वर्षांत एका विद्यार्थ्याला हे झेपेल. मात्र मग त्याच्या प्रबंधाच्या शेवटी कोणत्या तालुक्यात नैराश्य किती, याचा आकडा नसेल. फक्त पट्टी कुठे किती वाकते एवढेच असेल. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी तो विषय दुय्यम मानून परत पाठवू नये.